एक ग्रंथ आणि सात मालक

जून महिना आला की तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी जुनी पाठ्यपुस्तकं येतात. कुणाला ताईची मिळतात, कुणाला शेजारच्या दादाची. पहिलं पान उघडलं की तिथं एक नाव, इयत्ता आणि तुकडी. त्यावर काट मारून खाली दुसरं नाव. कधी त्याच्याही खाली तिसरं! पुस्तक एकच, पण त्यानं किती घरं पाहिली असतील!

बालमित्रांनो, आज मी तुम्हाला अशाच एका ग्रंथाची गोष्ट सांगणार आहे. फक्त हा ग्रंथ पाचशे वर्षांचा आहे. त्याच्या मालकांमध्ये एक छापखानेवाला आहे, देश सोडून आलेला एक सरदार आहे, साखरेचा एक धनाढ्य व्यापारी आहे, आणि चक्क एक राजाही आहे. गंमत अशी, की यातले बरेच मालक कुठून ना कुठून परागंदा झाले, देशोधडीला लागले. ग्रंथ मात्र अजून ठणठणीत आहे.

पण मालकांकडे वळण्याआधी हा ग्रंथ जन्मला कसा, ते पाहू. कारण ती गोष्टही काही कमी नाही.

मूळ ग्रीक, पण छापील नाही

ख्रिस्ती लोकांच्या बायबलचे दोन भाग असतात, जुना करार आणि नवा करार. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत लिहिला गेला. येशू ख्रिस्ताचं चरित्र ज्यात आहे तो नवा करार लिहिला गेला ग्रीक भाषेत. पण पश्चिम युरोपात हजारभर वर्षं सगळे वाचत ते लॅटिन भाषांतर. चर्चमध्ये लॅटिन, विद्यापीठात लॅटिन. १४५५ च्या सुमारास जर्मनीत गुटेनबर्गनं खिळे जुळवून पहिलं मोठं पुस्तक छापलं, ते बायबलच होतं. पण तेही लॅटिनच.

त्यानंतर साठ वर्षं उलटली. युरोपात गावोगावी छापखाने निघाले. तरी मूळ ग्रीक नवा करार अख्खा असा कुणी छापलाच नव्हता! एक तर ग्रीक वाचणारे थोडे. त्यात ग्रीक अक्षरांच्या डोक्यावर श्वासाची आणि आघाताची एवढी चिन्हं, की त्यांचे खिळे पाडता पाडता कारागीर रडकुंडीला यायचे. आपल्या देवनागरीच्या वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं जुळवणाऱ्या जुन्या खिळे जुळाऱ्यांना विचारा, ते सांगतील ही काय डोकेदुखी असते ती!

हे काम मनावर घेतलं स्पेनमधल्या एका म्हाताऱ्या धर्मगुरूनं. त्यांचं नाव कार्डिनल फ्रान्सिस्को हिमेनेझ दे सिस्नेरोस. १४३६ साली जन्मलेला हा माणूस राणी इसाबेलाचा धर्मगुरू झाला, मग तोलेदोचा आर्चबिशप, मग कार्डिनल, आणि राजा नसताना काही काळ तर त्यानं स्पेनचा कारभारही पाहिला. एवढी सत्ता हाती असून अंगात साध्या फ्रान्सिस्कन साधूचा झगा. माद्रिदजवळच्या अल्काला दे एनारेस या गावी त्यांनी नवं विद्यापीठ काढलं. या गावाचं जुनं लॅटिन नाव कॉम्प्लुटम. म्हणून तिथं छापलेल्या बायबलला 'कॉम्प्लुटेन्शियन पॉलिग्लॉट' म्हणतात. पॉलिग्लॉट म्हणजे बहुभाषी.

इथं एक गोष्ट लपवून ठेवणं बरं नव्हे. हेच सिस्नेरोस १५०० च्या सुमारास ग्रानादा शहरात गेले होते. तिथले मुसलमान नुकतेच स्पेनच्या राजसत्तेखाली आले होते. सिस्नेरोस यांनी त्यांची अरबी धर्मपुस्तकं गोळा करवून भर चौकात जाळली. वैद्यकाची तेवढी बाजूला काढून अल्कालाला पाठवली. पुस्तकांची होळी करणारा आणि पुस्तकासाठी तिजोरी रिकामी करणारा माणूस एकच! पुढची गोष्ट वाचताना ही आग विसरू नका.

सहाशे प्रती आणि एक मुलगा

काम सुरू झालं १५०२ मध्ये. सिस्नेरोस यांनी देशोदेशीचे पंडित जमवले. ग्रीकसाठी क्रीट बेटावरचे दिमित्रिओस दुकास आले. हिब्रूसाठी पाब्लो कोरोनेल आणि आल्फोन्सो दे झामोरा होते. हे दोघं जन्मानं ज्यू. पुढं ख्रिस्ती झालेले. १४९२ मध्ये स्पेननं सगळ्या ज्यूंना 'धर्म बदला, नाहीतर देश सोडा' असं बजावलं होतं. तेव्हा ज्यांची भाषा बोलणाऱ्यांना देशाबाहेर घालवलं, त्यांच्याच ज्ञानावाचून जुन्या कराराचं पान हलत नव्हतं. हिब्रू पोथ्या विकत घ्यायलाच म्हणे चार हजार सोन्याची नाणी पडली. रोमहून पोपच्या ग्रंथालयानं जुन्या कराराच्या दोन ग्रीक पोथ्या उसन्या दिल्या. (त्या १५१९ मध्ये परतही केल्या, बरं का! नाहीतर आपण मित्राचं पुस्तक आणतो आणि...)

छापण्याचं काम केलं अर्नाओ गियेन दे ब्रोकार या मुद्रकानं. जुन्या कराराच्या एकेका पानावर तीन रकाने. एका बाजूला हिब्रू, मध्ये लॅटिन, दुसऱ्या बाजूला ग्रीक. ग्रीकच्या ओळींच्या मधल्या जागेत पुन्हा बारीक लॅटिन अर्थ. पहिल्या पाच पुस्तकांना तर खाली अरामी भाषेतला मजकूरही. हे सगळं हातानं, एकेक खिळा उचलून जुळवलेलं. रकाने एकमेकांच्या बरोबर चालले पाहिजेत. एका भाषेत ओळ वाढली की बाकीच्या रकान्यांचा तोल गेलाच!

नव्या कराराच्या खंडासाठी ब्रोकारनं जे ग्रीक खिळे पाडले, ते आजही छपाईतले जाणकार डोक्यावर घेतात. गोलसर, मोकळी, ठसठशीत अक्षरं. पंडितांनी ठरवलं, की प्राचीन ग्रीक लोक लिहिताना ती डोक्यावरची चिन्हं वापरत नसत, मग आपण तरी का वापरा? बहुतेक चिन्हं गाळून टाकली, साधी आघाताची रेघ तेवढी ठेवली. शिवाय प्रत्येक ग्रीक शब्दावर एक चिमुकलं अक्षर, आणि शेजारच्या लॅटिन रकान्यात त्याच अर्थाच्या शब्दावर तेच अक्षर. शिकणाऱ्यानं अक्षर पाहून अर्थ शोधायचा. म्हणजे तुमच्या प्रश्नपत्रिकेतल्या 'जोड्या लावा'चाच प्रकार!

हा नव्या कराराचा खंड सगळ्यात आधी, म्हणजे १० जानेवारी १५१४ रोजी छापून झाला. ग्रीक नवा करार अख्खा छापला गेला तो जगात पहिल्यांदा. मग शब्दकोशाचा खंड, मग जुन्या कराराचे चार. शेवटच्या खंडावर तारीख आहे १० जुलै १५१७.

त्या दिवसाची एक आठवण राहिली आहे. मुद्रक ब्रोकारला ह्वान नावाचा लहान मुलगा होता. शेवटची पानं छापून झाल्यावर त्याला सणासुदीचे कपडे घालून, ती पानं हातात देऊन कार्डिनलकडे पाठवलं. ऐंशी वर्षांच्या त्या म्हाताऱ्यानं पानं घेतली, वर आकाशाकडे पाहिलं आणि देवाचे आभार मानले. या मुलानंच मोठेपणी हा प्रसंग सिस्नेरोस यांच्या चरित्रकाराला सांगितला. कल्पना करा, पंधरा वर्षं चाललेल्या कामाचा शेवटचा कागद एका मुलाच्या हातून पोचला!

चारच महिन्यांनी, ८ नोव्हेंबर १५१७ ला सिस्नेरोस वारले. ग्रंथ बाजारात आलेला त्यांनी पाहिलाच नाही.

आता थोडं गणित करू. खर्च आला ५०,००० डुकॅट, म्हणजे सोन्याची नाणी. प्रती छापल्या ६००. सहा खंडांच्या एका संचाची किंमत ठरली साडेसहा डुकॅट. सगळ्याच्या सगळ्या प्रती विकल्या असत्या तर किती जमा झाले असते? ३,९०० डुकॅट! उरलेल्या ४६,१०० चं काय? ते कार्डिनलच्या खिशातून गेले. असा आतबट्ट्याचा धंदा करायला सिस्नेरोसच हवेत.

शर्यत

इकडे हे खंड पोपच्या परवानगीची वाट पाहत अल्कालात पडून होते आणि तिकडे स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात दुसरंच शिजत होतं. फ्रोबेन नावाच्या मुद्रकानं प्रसिद्ध पंडित इरॅस्मस यांना गाठलं आणि घाईघाईनं ग्रीक नवा करार तयार करवून घेतला. तो मार्च १५१६ मध्ये बाजारात आला. म्हणजे छापण्यात पहिला नंबर स्पेनचा, पण विकण्यात पहिला नंबर बाझलचा!

घाई एवढी, की इरॅस्मस यांच्याजवळ शेवटच्या पुस्तकाची एकच ग्रीक पोथी होती आणि तिचं शेवटचं पान गळालेलं. मग त्यांनी काय केलं? लॅटिन समोर ठेवलं आणि त्यावरून त्या शेवटच्या ओळी स्वतःच ग्रीकमध्ये लिहून काढल्या! पुढं अल्कालाचा ग्रंथ हाती आल्यावर १५२७ च्या आवृत्तीत त्यांनी त्या भागात पुष्कळ दुरुस्त्या केल्या.

सिस्नेरोस यांच्या पंडितांपैकी एक झुन्यिगा नावाचे होते. इरॅस्मस यांचं पुस्तक पाहून ते चवताळले आणि चुका काढत बसले. तेव्हा कार्डिनल त्यांना म्हणाले, की याहून चांगलं काही असेल तर पुढे आण, नाहीतर दुसऱ्याच्या मेहनतीला नावं ठेवू नकोस. पुस्तकं जाळणारा माणूस हेही बोलू शकत होता. माणूस एका रंगाचा नसतो हेच खरं.

अल्कालाच्या ग्रंथाला पोपची परवानगी मिळाली २२ मार्च १५२० ला. त्यातही इटलीकडे निघालेल्या बऱ्याच प्रती जहाजासकट समुद्रात बुडाल्या, असं स्पेनमध्ये पुढं सांगितलं जाई. सहाशेपैकी आज जगात सव्वाशेच्या आसपास उरल्या आहेत.

पन्नास वर्षांतच ग्रंथ इतका दुर्मिळ झाला, की स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्या आश्रयानं अँटवर्पच्या प्लांटिन या मुद्रकानं १५६९ ते १५७२ या काळात नवा बहुभाषी बायबल छापला, आठ खंडांचा. हा अल्कालाच्या ग्रंथाचा धाकटा भाऊच म्हणा. या धाकट्याचा एक संच कुठं पोचला माहीत आहे? आपल्याकडे! गोव्याहून तीन जेझुइट पाद्री अकबर बादशहाच्या बोलावण्यावरून फत्तेपूर सिक्रीला गेले. मार्च १५८० मध्ये त्यांनी तो संच बादशहाला नजर केला. अकबरानं डोक्यावरचा फेटा काढला, एकेक खंड घेऊन मस्तकाला लावला आणि त्याचं चुंबन घेतलं. येशूचं चरित्र यातल्या कुठल्या खंडात आहे, असं विचारून त्या खंडाचा जास्तच मान केला. त्या खंडांतल्या चित्रांवरून दरबारच्या चित्रकारांनी नकला काढल्या, त्या आजही पाहायला मिळतात.

कातड्यावर छापलेली प्रत

आता आपल्या मूळ ग्रंथाकडे येऊ. अल्कालाच्या सहाशे प्रती कागदावर होत्या. पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती कागदाऐवजी वेलमवर छापल्या होत्या. वेलम म्हणजे वासराचं कातडं घासून, ताणून, गुळगुळीत करून केलेलं चर्मपत्र. एका कातड्यातून मोठ्या आकाराची पानं निघणार चार-सहा. आणि आपल्या ग्रंथाची पानं सुमारे दीड हजार! म्हणजे एका संचासाठी शेकडो कातडी. अशा प्रती विकण्यासाठी नसत. एक पोपसाठी होती, ती व्हॅटिकनमध्ये आहे. आपली गोष्ट आहे ती दुसऱ्या एका प्रतीची. ही खुद्द सिस्नेरोस यांच्यासाठी राखलेली प्रत, असं जुने ग्रंथप्रेमी सांगत आले आहेत.

अठराव्या शतकात ती सापडते इटलीतल्या व्हेनिस शहरात. मालक माफेओ पिनेली. हा आपला मालक नंबर एक. हे गृहस्थ व्हेनिसच्या सरकारी छापखान्याचे प्रमुख. स्वतः छपाईतले, म्हणून त्यांना चांगल्या छपाईची पारख. त्यांनी जमवलेला ग्रंथसंग्रह युरोपभर गाजला. १७८५ मध्ये ते वारले.

थांबा. याच सुमारास अल्कालात काय चाललं होतं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १७८४ मध्ये मोल्डेनहावर नावाचे एक पंडित मुद्दाम अल्कालाला गेले. ज्या पोथ्यांवरून हा ग्रंथ छापला त्या पाहायच्या म्हणून. त्यांना उत्तर मिळालं, 'पोथ्या? त्या पस्तीस वर्षांपूर्वी एका ग्रंथपालानं रद्दी म्हणून दारूकाम करणाऱ्याला विकल्या. त्याचे त्यानं बाण केले आणि उडवले!' झालं. ही बातमी युरोपभर पसरली. पंडित मंडळी हळहळली. दोन पिढ्यांनी कुणीतरी शहाण्यानं जुनी यादी काढली आणि कपाटातल्या पोथ्या मोजल्या. तर काय, पोथ्या जागच्या जागी! दारूवाल्याची गोष्ट वाचून हसू येतं; पण एवढ्या वर्षांत कपाट उघडून बघायचं कुणाला सुचू नये?

त्या पोथ्या १८३६ नंतर विद्यापीठाबरोबर माद्रिदला आल्या. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं आणि लढाई थेट विद्यापीठाच्या आवारात शिरली. सैनिकांनी गोळ्या अडवायला खिडक्यांमध्ये जाडजूड पुस्तकांचे थर रचले. जे दारूकामवाल्यानं केलं नव्हतं ते बंदुकांनी केलं. सिस्नेरोस यांच्या काही पोथ्यांचं त्यात फार नुकसान झालं.

व्हेनिस ते लंडन, लंडन ते तुलूझ

पिनेली गेल्यावर त्यांचा सगळा संग्रह जेम्स एडवर्ड्स या लंडनच्या पुस्तक-व्यापाऱ्यानं भागीदारीत विकत घेतला आणि लंडनला आणून १७८९ मध्ये लिलावात काढला. आपल्या ग्रंथावर शेवटची बोली लागली ४८३ पौंडांची. बोली जिंकली फ्रान्समधल्या तुलूझ शहरात राहणाऱ्या काउंट जस्टिन मॅकार्थी यांनी. हे मालक नंबर दोन.

नाव वाचून तुम्ही म्हणाल, हे फ्रेंच कसे? ते मूळचे आयर्लंडचे. तिथं त्या काळी इंग्रजांचं राज्य होतं आणि कॅथलिक लोकांवर कडक निर्बंध होते. जमीनजुमल्यापासून सरकारी नोकरीपर्यंत सगळीकडे आडकाठी. मॅकार्थी कॅथलिक. त्यांनी घरदार सोडलं आणि फ्रान्स गाठलं. फ्रान्सच्या राजानं त्यांना काउंट केलं. त्यांना वेड होतं वेलमवर छापलेल्या पुस्तकांचं. अशी आठशेहून जास्त पुस्तकं त्यांनी जमवली होती! राजाचं ग्रंथालय सोडलं तर एवढी कुणाकडे नव्हती.

पण वर्ष कोणतं, ते पाहिलंत का? १७८९. त्याच वर्षी १४ जुलैला पॅरिसमध्ये बॅस्टिलचा तुरुंग फोडला गेला आणि फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली. सरदारांचे वाडे लुटले गेले, मठांची ग्रंथालयं जप्त झाली. काउंट मॅकार्थींची पुस्तकं त्या वादळातून वाचली. १८११ मध्ये काउंट वारले आणि १८१७ मध्ये पॅरिसला त्यांच्या संग्रहाचा लिलाव झाला.

या वेळी आपला ग्रंथ गेला १६,१०० फ्रँकला. इंग्रजी पैशात सुमारे ६७६ पौंड. घेणारे होते लंडनचे जॉर्ज हिबर्ट, मालक नंबर तीन. वेस्ट इंडियातल्या साखरेचे बडे व्यापारी, लंडनच्या वेस्ट इंडिया गोदीचे कर्तेधर्ते, दुर्मिळ फुलझाडांचे आणि दुर्मिळ पुस्तकांचे शौकीन. आता ही साखर पिकवत कोण? आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. आणि १८०७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात गुलामांचा व्यापार बंद करण्याचा कायदा आला, तेव्हा त्याच्या विरोधात बोलणाऱ्या खासदारांत हे हिबर्टसाहेब होते. 'आपल्यासारखंच शेजाऱ्यावर प्रेम कर' असं सांगणारा ग्रंथ कुठल्या पैशानं विकत घेतला गेला, बघा.

१८२९ मध्ये हिबर्ट यांनी आपला संग्रह विकायला काढला. लिलाव चालला बेचाळीस दिवस! पण पुस्तकांचे भाव उतरले होते. आपल्या ग्रंथाला मिळाले फक्त ५२५ पौंड. म्हणजे हिबर्टसाहेबांना दीडशे पौंडांची खोट बसली. मला तरी त्याचं फारसं वाईट वाटलं नाही.

राजाला भेट

चौथे मालक फ्रँक हॉल स्टँडिश. हे लँकेशरमधले जमीनदार, पण मन रमायचं परदेशात. स्पेनमधलं सेव्हिल शहर त्यांचं आवडतं. त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. चित्रं आणि ग्रंथ जमवावे, फिरावं, लिहावं, असा त्यांचा क्रम. १८४० मध्ये स्पेनमध्येच त्यांचा मृत्यू झाला. मृत्युपत्र उघडलं तर सगळे चकित! सगळी चित्रं आणि सगळे ग्रंथ त्यांनी ठेवले होते फ्रान्सचा राजा लुई फिलिप याच्यासाठी. कारण काय? तर फ्रान्समध्ये प्रवाशांचं प्रेमानं स्वागत होतं. मी तिथं नेहमी आनंदानं गेलो आणि निघताना नेहमी वाईट वाटलं, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं होतं. इंग्लंडवाले बसले हात चोळत.

राजा लुई फिलिप हा पाचवा मालक. पण राजाचं राज्य राहिलं आणखी सातच वर्षं. फेब्रुवारी १८४८ मध्ये पॅरिस पुन्हा पेटलं. राजानं गादी सोडली, गालावरचे कल्ले उतरवले, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि 'मिस्टर स्मिथ' असं नाव सांगत बोटीतून इंग्लंडला पोचला! स्टँडिश यांची देणगी राजाची खासगी मालमत्ता, की फ्रान्स देशाची? नव्या सरकारनं ती खासगी मानली आणि परत केली. १८५० मध्ये राजा इंग्लंडमध्येच वारला. चित्रं लंडनला १८५३ च्या लिलावात विकली गेली आणि ती चहूकडे पांगली. ग्रंथांचंही तसंच झालं असतं. पण मध्ये आला राजाचा पाचवा मुलगा.

ज्यानं दार लावून घेतलं

त्याचं नाव हेन्री, ओमालचा ड्यूक. आठ वर्षांचा असताना त्याला कोंदे घराण्याचा अफाट वारसा मिळाला. त्यात पॅरिसजवळचा शांतियीचा वाडा होता. बावीस वर्षांचा व्हायच्या आत अल्जीरियाच्या लढाईत त्यानं नाव काढलं. आणि सव्विसाव्या वर्षी बापाबरोबर तोही देशाबाहेर! तेवीस वर्षं त्यानं परदेशात काढली, त्यातली बरीचशी लंडनजवळच्या ट्विकनहॅममध्ये. स्वदेशी जाता येत नाही, फौजेत जाता येत नाही. मग त्यानं काय केलं? पुस्तकं जमवली. स्टँडिश यांचा ग्रंथसंग्रह त्यानं घेऊन टाकला. त्यातून आपला ग्रंथ सहाव्या मालकाकडे आला. एकोणिसाव्या शतकात या खंडांनी इंग्लंड-फ्रान्समधली खाडी इतक्या वेळा ओलांडली, की त्यांना बोट लागत नव्हती हे नशीबच!

१८७१ मध्ये ड्यूकला फ्रान्समध्ये परतता आलं. पण घरात कोण उरलं होतं? थोरला मुलगा जगाची सफर करायला निघाला, तो १८६६ मध्ये सिडनीत वारला, अवघ्या विशीत. बायको १८६९ मध्ये गेली. धाकटा मुलगा १८७२ मध्ये, अठरा वर्षांचा. बाकीची मुलं तर तान्हेपणीच गेली होती. ड्यूकनं क्रांतीत मोडलेला शांतियीचा वाडा पुन्हा बांधायला घेतला आणि त्यात ग्रंथालय केलं. भिंतभर लोखंडी मांडण्या, वर जायला जिना. वारस नसलेल्या माणसानं पुस्तकांसाठी घर बांधलं.

१८८६ मध्ये पुन्हा तेच. जुन्या राजघराण्यातले लोक नकोत म्हणून सरकारनं कायदा केला आणि चौसष्ट वर्षांच्या ड्यूकला पुन्हा देशाबाहेर काढलं. त्यावर त्याचं उत्तर काय असावं? त्यानं शांतियीचा वाडा, रान, चित्रं, ग्रंथ, सगळं सगळं फ्रान्समधल्या पंडितांच्या संस्थेला, 'अँस्तित्यू द फ्रान्स'ला दान केलं! ज्या देशानं हाकललं त्यालाच. संस्था ही आपली सातवी आणि शेवटची मालक. तीन वर्षांनी सरकारनं ड्यूकला परत येऊ दिलं. १८९७ मध्ये तो वारला आणि १८९८ च्या एप्रिलमध्ये वाडा 'कोंदे संग्रहालय' म्हणून सर्वांना खुला झाला.

दान करताना ड्यूकनं अट घातली होती. चित्रांची मांडणी बदलायची नाही. संग्रहातलं काहीही विकायचं नाही. आणि काहीही उसनं द्यायचं नाही, अगदी चार दिवसांच्या प्रदर्शनासाठीसुद्धा नाही. माझ्या मते ही अट जरा कडकच आहे. रोमच्या ग्रंथालयानं पोथ्या उसन्या दिल्या नसत्या तर सिस्नेरोस यांनी जुना करार कशावरून छापला असता? पण ज्या माणसाला दोनदा घर सोडावं लागलं, त्याला निदान आपली पुस्तकं एका जागी राहावीत असं वाटलं असेल, तर त्याला तरी काय म्हणणार!

ती अट आजही पाळली जाते. त्यामुळे हा ग्रंथ तुमच्या भेटीला मुंबईला किंवा दिल्लीला येणार नाही, लंडनलाही जाणार नाही. तुम्हालाच जावं लागेल. पॅरिसच्या उत्तर स्टेशनवरून गाडी पकडायची. अर्ध्या तासात शांतियी येतं. स्टेशनवरून चालत निघालं, की घोड्यांच्या शर्यतीचं भलंमोठं मैदान लागतं आणि ते ओलांडलं की तळ्याच्या मधोमध वाडा दिसतो.